गेम घेऊ का पाठात?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विज्ञान आणि गणित पद्धती. सध्या तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव, चालू आहे. आठवीचा वर्ग, पट ४६. मध्यंतरी कॉलेजात ‘वर्गात व्हिडिओ गेमचा वापर’ यावर चर्चा झाली. जवळजवळ सगळे म्हणाले, गेम वापरलेच पाहिजेत, मुलांना आवडतात, नवीन धोरणातही आहे. मी एकटा विरोधात बोललो. गंमत अशी की रोज रात्री तासभर बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळणारा आमच्या वर्गात बहुधा मीच. आणि बाजूने बोललेल्यांपैकी एकानेही आजवर एकाही सराव पाठात गेम घेतलेला नाही.

आता सरांनी मला कृतिसंशोधनाला विषय दिलाय: ‘छात्राध्यापकांचा व्हिडिओ गेमविषयीचा दृष्टिकोन’. वर नवोपक्रम पाठही गेमवरच घे म्हणतात. शाळेतल्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, ‘पालक आधीच मोबाइलच्या नावाने खडे फोडतात, त्यात तुमचं हे नवीन.’ जी गोष्ट मला स्वतःलाच पटत नाही ती मार्कांसाठी करू का? की माझंच काही चुकतंय?

— एक छात्राध्यापक, सातारा जिल्हा

प्रिय मित्रा,

मार्कांसाठी करू नकोस. पण पाठ घे. तुझा जो विरोध आहे तो खरा किती आणि सवयीचा किती, हे तपासायला घे.

चर्चेत नक्की काय झालं असेल, याचा मला अंदाज आहे. ‘वर्गात गेम’ म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर बीजीएमआयमधल्या एरंगेल बेटाचा नकाशा आला असणार. शेजारच्या बाकावरच्या मुलीला बरोबर उत्तरावर टाळ्या वाजवणारं लहान मुलांचं एखादं ॲप आठवलं असेल. आणखी कुणाला लुडो. कुणी कुठला गेम डोक्यात ठेवून बोलतोय हे कुणीच विचारलं नाही, आणि तरी ठराव पास झाला. धोरणाचा दाखलाही असाच सैल दिला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळावर आधारित शिक्षणाचा जोर आहे तो मुख्यतः पायाभूत स्तरावर, म्हणजे ३ ते ८ वयाच्या मुलांसाठी, आणि तो खेळ म्हणजे ठोकळे, गाणी, मातीतला खेळ. डिजिटल साहित्याच्या संदर्भात शैक्षणिक गेमचा उल्लेख येतो, नाही असं नाही. पण त्यावरून आठवीच्या विज्ञानात काय करायचं हे ठरत नाही.

तुझे सहकारी खोटं बोलले असंही मी म्हणणार नाही. व्यायामाबद्दल सगळ्यांचाच दृष्टिकोन सकारात्मक असतो, पहाटे पाच वाजता मैदानात कोण येतं ते वेगळं. शिक्षक होऊ घातलेल्यांची ही गोष्ट जगभर दिसते. तुर्कस्तानात २००६ मध्ये भावी शिक्षकांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही कल अनुकूल होता, पुढे वापरू असं म्हणणारे भरपूर होते, आणि शंका दोनच ठिकाणी अडकल्या होत्या: वर्ग हाताबाहेर गेला तर? आणि मुलं यातून खरंच शिकतात का? वीस वर्षं होत आली, तुझ्या मॅडमच्या आणि तुझ्या मनातही तेच दोन प्रश्न असणार. ते चांगले प्रश्न आहेत. म्हणून मला तुझ्या विरोधाची काळजी वाटत नाही. ‘पूर्णतः सहमत’वर डोळे झाकून खूण करणाऱ्यांची वाटते.

यावरून तुझ्या संशोधनाकडे येते. आधी एक बारीक गोष्ट: दृष्टिकोनाची मापनी वाटून सरासरी काढणं हे कृतिसंशोधन नव्हे, सर्वेक्षण आहे. कृतिसंशोधनात समस्या असते, त्यावर तू काही करतोस आणि काय फरक पडला ते पाहतोस. सरांना हे नम्रपणे विचार. बहुधा तेही मान्य करतील, विषयांची यादी घाईत झालेली असते. नाहीतर काय होईल ते मी आत्ताच सांगते. तू ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा पाच पर्यायांची पंचबिंदू मापनी छापशील, ‘गेममुळे अध्ययन आनंददायी होते’ असं पहिलं विधान असेल, सगळे सहमत होतील, आणि तू निष्कर्ष लिहिशील, ‘छात्राध्यापकांचा दृष्टिकोन सकारात्मक आढळला.’ कॉलेजच्या ग्रंथालयातलं ते मागचं कपाट उघडून बघ. असे निष्कर्ष तिथे रग्गड पडलेत.

त्याऐवजी पहिला प्रश्न असा ठेव: ‘तुम्ही शेवटचा खेळलेला गेम कोणता?’ दुसरा: ‘तुमच्या पद्धतीच्या एका घटकाचं नाव लिहा, ज्यात गेम उपयोगी पडेल, आणि तो कोणता गेम.’ इथेच निम्म्या वर्गाचं पेन थांबेल, आणि तीच तुझी खरी माहिती. तिसरा: ‘आंतरवासितेत वापरलात का? नसेल तर कुठे अडलं?’ यंत्र नाही, वेळ नाही, गेम माहीत नाही, मार्कांची भीती, मुख्याध्यापक नाही म्हणाले, जे असेल ते. मग तीन-चार जणांना सोबत घे, प्रत्येकाने एकेक पाठ घ्या, एकमेकांचे पाठ पाहा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमांमुळे बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि दुसऱ्या वर्षात १६ आठवडे शाळेत राहायला मिळतात. माझ्या पिढीला ठरलेले पाठ ‘टाकून’ परत यावं लागे. तुम्हाला वेळ आहे, तर तो वापरा.

आता मुख्य गोष्ट. गेम निवडायचा कसा?

तू खेळणारा आहेस म्हणून तुला हे चटकन कळेल. बाजारात शैक्षणिक म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गेममध्ये विषय बाहेर लटकत असतो. फुगे वर येतात, बरोबर उत्तराचा फुगा फोडायचा. यात मूल सराव कशाचा करतं? फोडण्याचा. अपूर्णांक काढून तिथे राजधान्या घातल्या तरी गेम तसाच चालेल. जो गेम विषय बदलला तरी बदलत नाही, तो वर्गात नेऊ नकोस. सराव परीक्षा म्हणून पाच मिनिटं ठीक, नवोपक्रम म्हणून नाही.

दुसऱ्या प्रकारात हाताने जी कृती करायची तीच संकल्पना असते. तुझ्याकडे आठवी आहे, पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट नावाचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. त्यात ‘बिल्ड ॲन ॲटम’ नावाचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर हाताळता येणारी प्रतिकृती, आहे. फुकट आहे, फाइल एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते, पेनड्राइव्हवर मावते. टोपल्यांतून प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन उचलून अणूत टाकायचे, मूलद्रव्याचं नाव, प्रभार, वस्तुमानांक बाजूला बदलत जातो. शेवटच्या भागात गेमही आहे, चढत्या पातळ्यांचा.

तो थेट गेमपासून सुरू करू नकोस. ६ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन, ६ इलेक्ट्रॉन असा अणू शाळेच्या टीव्हीच्या पडद्यावर ठेव आणि विचार, ‘एक प्रोटॉन वाढवला तर काय काय बदलेल?’ प्रत्येक गटाने आधी पाटीवर लिहायचं, मगच कुणीतरी येऊन प्रोटॉन टाकायचा. ‘धन प्रभार येईल’ हे बरेच गट लिहितील. नावच बदलेल, कार्बनचा नायट्रोजन होईल, हे फार थोड्यांना सुचेल. अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या हे पाठ असतं, पण तो अणुअंकच मूलद्रव्याची ओळख आहे हे त्या क्षणी बसतं. आणि तयार राहा: ७ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन झाले की केंद्रक थरथरायला लागेल, कारण नायट्रोजन-१३ अस्थिर आहे. ‘सर, ते हलतंय का?’ असं कुणीतरी विचारणारच. लगेच उत्तर देऊ नकोस, एक न्यूट्रॉन टाकून बघायला सांग. समस्थानिकांचा (मूलद्रव्य तेच, न्यूट्रॉन कमी-जास्त) तुझा पुढचा मुद्दा मुलांनीच काढलेला असेल.

गेमच्या भागात घड्याळ बंद ठेवायची सोय आहे. ते बंदच ठेव. घड्याळ चालू असलं की वर्गातली तीच चार मुलं ओरडतात आणि बाकीची गप्प बसतात.

आणि शेवटची दहा मिनिटं राखून ठेव, काही झालं तरी. त्यात एकच प्रश्न: ‘हा गेम आपल्याला कुठे फसवतो?’ पडद्यावर केंद्रक केवढं मोठं दिसतं! खऱ्या अणूत ते अणूच्या दहा हजार ते लाखपट लहान असतं. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा १८०० पटींहून हलका, पडद्यावर मात्र जवळजवळ गोटीला गोटी. ठरावीक वर्तुळावर मण्यांसारखे बसलेले इलेक्ट्रॉन तर पुस्तकातही तसेच काढलेले असतात. मुलं या प्रश्नावर खुलतात, कारण खोटं पकडायला त्यांना आवडतं, आणि प्रतिकृती म्हणजे काय हे असं पकडूनच कळतं. तुझ्या पाठातला नवोपक्रम मला विचारशील तर हा आहे.

नुसता गेम खेळवून सोडलं तर काय होतं, त्याचाही दाखला आहे. नॉर्वेत २०१२ मध्ये ड्रॅगनबॉक्स नावाचा बीजगणिताचा गेम आला, खूप गाजला. चित्रांच्या पत्त्यांनी सुरुवात होते, हळूहळू त्यांची अक्षरं आणि अंक होतात, आणि मूल नकळत समीकरणं सोडवायला लागतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी तो शाळकरी मुलांना देऊन, समीकरणं शिकवणाऱ्या एका साध्या संगणकीय शिकवणीशी ताडून पाहिला. मुलांना मजा आली ती गेममध्ये. गेमच्या पातळ्याही त्यांनी भराभर सर केल्या. पण गेमबाहेरच्या समीकरणांच्या चाचणीत शिकवणीवाली मुलं पुढे निघाली. तू चर्चेत विरोधात बोललास त्यातला खरा भाग हाच आहे, आणि गेमवर बंदी घालून तो सुटत नाही. पडद्यावरून वहीत मुलाला हाताला धरून आणावं लागतं, ते काम तुझं.

आता एक गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण ती छात्राध्यापकाची आहे. १९७१ साली अमेरिकेत मिनियापोलिसला डॉन रॉविच नावाचा एक विद्यार्थी तुझ्यासारखाच शाळेत अध्यापनाच्या सरावाला होता, आठवीला इतिहास. एकोणिसाव्या शतकातले लोक बैलगाड्यांतून पश्चिमेकडे स्थलांतर करत गेले, तो घटक. त्याने नकाशावर पट आखून फाशांचा खेळ करायला घेतला. त्याच्या खोलीत राहणारे दोघे, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर, गणिताचे छात्राध्यापक होते. ते म्हणाले, हे संगणकावर करू. शाळेत पडदासुद्धा नव्हता, टेलिटाइप यंत्र होतं, कागदावर खडखड छापून उत्तर देणारं. मुलांनी गटागटाने खेळायचं: अन्नावर किती खर्च, बैलांवर किती, नदी लागली तर काय, आजारपण आलं तर काय. सत्र संपल्यावर रॉविचने प्रोग्रॅम यंत्रावरून काढून टाकला, छापील प्रत तेवढी जवळ ठेवली. १९७४ मध्ये तो मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत लागला तेव्हा त्याने तो पुन्हा टंकून घातला, आणि प्रवाशांच्या जुन्या रोजनिशा वाचून संकटं किती वेळा यावीत ते दुरुस्त केलं. हाच ‘ओरेगॉन ट्रेल’. पुढे अमेरिकेतल्या दोन पिढ्या तो शाळेत खेळल्या.

यात मला काय आवडतं सांगू? तिघांपैकी कुणालाही ‘गेमविषयी दृष्टिकोन’ नव्हता. रॉविचपुढे एक घटक होता आणि तो मुलांच्या गळी कसा उतरवायचा हा प्रश्न होता. यंत्र एकच होतं, तुझ्या शाळेतल्या टीव्हीसारखं. दुसरं असं की त्या गेमवर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती: ज्यांच्या जमिनीतून त्या गाड्या गेल्या त्या मूळ रहिवाशांची बाजू त्यात जवळजवळ नव्हती. म्हणजे ‘गेम कुठे फसवतो’ हा प्रश्न इतिहासालाही लागू आहे. इतिहास पद्धतीच्या तुझ्या मित्रांना हे सांग.

मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं उडवून लावू नकोस. पालकांची भीती हवेतली नाही. पबजीवर, म्हणजे बीजीएमआयच्या आधीच्या अवतारावर, २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली तेव्हा घराघरांत काय काय चाललं होतं ते त्यांनी पाहिलंय. गेमिंगचं व्यसन हे आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, २०२२ पासून ती यादी लागूही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी गावोगावची कर्जबाजारी पोरं सगळ्यांना माहीत आहेत, २०२५ मध्ये केंद्राला त्यावर कायदाच करावा लागला. एवढ्या सगळ्यानंतर एखादी आई ‘शाळेत गेम’ ऐकून दचकली तर तिला मागासलेली समजू नकोस.

म्हणून मॅडमपासून लपवू नकोस आणि ‘गेम घेतो’ अशी हूल पण देऊ नकोस. टाचण घेऊन जा. उद्दिष्टं पुस्तकातलीच. शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात सिम्युलेशनचं नाव, शाळेचा टीव्ही, पाट्या. मग ‘विद्यार्थी कृती’चा रकाना त्यांच्यापुढे धर. आपल्या टाचणांत तिथे वर्षानुवर्षं ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’ एवढंच लिहिलेलं असतं. तुझ्या रकान्यात ‘अंदाज लिहितात, पडताळतात, कारण सांगतात’ असेल. अनुभवी शिक्षिका ते बघून नाही म्हणेल असं मला वाटत नाही. एक वचन मात्र दे आणि पाळ: कोणत्याही मुलाला मोबाइल आणायला सांगणार नाही, आणि गेम गृहपाठाला देणार नाही.

गृहपाठाला का नाही, तर सगळ्यांकडे फोन सारखा नसतो. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयाच्या दहापैकी आठ मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसलं. पण वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के होते आणि मुली २७ टक्के. हाच फरक तुझ्या वर्गात माउसभोवती दिसेल. ‘कोण येतं?’ विचारलंस की मुलगे धावतील आणि तुला वाटेल वर्ग किती उत्साही आहे. ४६ चे आठ गट कर, प्रत्येक गटात माउसवाला, पाटीवाला, कारण सांगणारा अशी कामं आधी वाटून दे आणि दर फेरीला बदल. वर्ग हाताबाहेर जातो तो गेममुळे नाही. एकजण खेळतो आणि पंचेचाळीस जणांना काही काम नसतं, म्हणून जातो.

वीज गेली तर? तीन रंगांचे खडू जवळ ठेव, प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉनला एकेक रंग, आणि अणू फरशीवर काढ. टाचणात हा पर्याय लिहिलास तर निरीक्षकांना तो गेमपेक्षा जास्त आवडेल, लिहून ठेव.

तुझ्या रात्रीच्या बीजीएमआयबद्दल. पोरं विचारतीलच, ‘सर, तुम्ही खेळता का?’ खोटं बोलू नकोस. खेळतो म्हण, किती वेळ तेही सांग. आयडी देऊ नकोस, त्यांच्याबरोबर खेळू नकोस. तो तास कमी करायचा की नाही हे तू मला विचारलेलं नाहीस, म्हणून मी काही बोलत नाही.

नवोपक्रम पाठ शनिवारी लावून घेऊ नकोस, सकाळच्या शाळेत तास आखूड असतो आणि शेवटची दहा मिनिटंच कापली जातात. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच टीव्हीवर सगळ्या पातळ्या स्वतः खेळून बघ, आणि लॅपटॉपला टीव्हीशी जोडायची केबल घरूनच ने. शाळेतली केबल नेमकी त्याच दिवशी सापडत नाही.

तुझी,
ताई